थांबण्याचे भाडे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी वणीचा. सप्तशृंगी गडाच्या पायथ्याचे, नाशिक जिल्ह्यातले आमचे गाव. कविता लिहितो म्हणून मला इथे बोलावतात, पण आज कवितेविषयी बोलणार नाही. पोटासाठी मी बरीच वर्षे द्राक्षांच्या एका पॅकहाऊसमध्ये हिशेब लिहिला. त्या वहीतून मला जे बंदर दिसले, त्याविषयी बोलणार आहे. वणीहून समुद्र दिसत नाही. न्हावाशेवा बंदर इथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. तरीही तिकडे काही अडले की दोन दिवसांत आमच्या चौकात कळते. मजूर घरी बसतात, चहाची उधारी वाढते.

आमच्या घरात बोलताना ‘बंदर’ म्हणजे माकड. गडावर त्यांची कमी नाही. डिसेंबर २०२३ मध्ये माझा धाकटा भाऊ कांद्याचा ट्रेलर घेऊन न्हावाशेव्याला गेला आणि चार रात्री परतला नाही. त्याची पाच वर्षांची मुलगी मला विचारू लागली, “बडे अब्बा, अब्बू बंदरापाशी का थांबलेत? बंदर चावतो ना?” मी तिला सांगितले की हा शब्द फारसीतून आलेला, जहाजे लागतात ती जागा. तिचे समाधान झाले नाही. ती म्हणाली, “मग जहाज लागलं की यायचं ना घरी!”

आता या प्रश्नाला काय उत्तर देणार?

त्या दिवसांत काय झाले ते बऱ्याच जणांना आठवत असेल. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. ऑक्टोबरअखेर टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आले. आणि ७ डिसेंबरला अधिसूचना निघाली की ८ तारखेपासून निर्यातच बंद. शुक्रवार होता. मी जुम्याच्या नमाजाहून परतलो तेव्हा गावात एकच विषय. लासलगावला लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी उतरले. अधिसूचनेत वाटेवरच्या मालासाठी काही सवलत होती. बंदीपूर्वी जहाजावर माल चढू लागला असेल किंवा माल कस्टम्सच्या ताब्यात दिलेला असेल, तर तो जाऊ शकत होता. भावाचा ट्रेलर त्या वेळी घाट उतरून पुढे गेला होता, फाटकाच्या आत नव्हता. म्हणजे तो ना इकडचा ना तिकडचा.

शहरातले लोक म्हणतात, कांदा टिकतो, थांबला चार दिवस तर काय बिघडले? यात एक गफलत आहे. चाळीत पाच-सहा महिने टिकतो तो उन्हाळ कांदा. डिसेंबरात निघतो तो लाल कांदा. त्यात पाणी जास्त, साल पातळ. तो काढायचा, विकायचा आणि खायचा. त्याला कोंडून ठेवला की आधी वास येतो, मग कोंब येतात, मग गोणीच्या तळातून पाणी गळते. तिसऱ्या रात्री भावाचा फोन आला. “भाईजान, पुढे दोन-तीनशे गाड्या असतील. मागे मोजल्या नाहीत. माझ्या गाडीखाली ओल दिसायला लागली.” त्याच्या व्यापाऱ्याने पाचव्या दिवशी माल वाशीच्या बाजारात उतरवायला सांगितला. मिळेल त्या भावाने.

भावाला त्या चार रात्रींचे काय मिळाले? काही नाही. त्याला पैसे फेरीचे मिळतात, थांबण्याचे मिळत नाहीत. रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक गोष्टीचे भाडे तिथे चालू असते. कंटेनर ठरलेल्या मोकळ्या दिवसांपेक्षा जास्त अडकला की त्याचे भाडे चढते. यार्डातल्या जागेचे भाडे असते. शीत कंटेनर विजेच्या प्लगवर लावला की त्या विजेचे बिल येते. लोखंडाच्या डब्याला थांबण्याचे पैसे पडतात आणि स्टिअरिंगवर डोके टेकून झोपलेला माणूस फुकट थांबतो. मी हे चिडून सांगत नाही. हिशेबनिसाला जे दिसते तेवढेच सांगतो.

बंदर अडण्याची कारणे अनेक. न्हावाशेव्याचेच पाहा. हे बंदर १९८९ साली सुरू झाले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलंडले, शेकडो कंटेनर पाण्यात पडले. तरंगणाऱ्या डब्यांमधून जहाज काढायचे कसे? काही दिवस मुंबई आणि न्हावाशेवा दोन्हीकडची वाहतूक ठप्प झाली. जून २०१७ मध्ये तर टक्करही नव्हती आणि वादळही नव्हते. मर्स्क या जहाज कंपनीच्या संगणकांवर व्हायरसचा हल्ला झाला आणि न्हावाशेव्यातले तिच्या गटाचे टर्मिनल बंद पडले. क्रेन धडधाकट, जहाज धक्क्याला, माणसे हजर. फक्त कोणता डबा कुठे आहे हे सांगणारा संगणक गप्प. भाऊ तेव्हाही त्या वाटेवर होता. तो म्हणाला, “भाईजान, तुमची वही असती तर गाड्या निघाल्या असत्या.” मला तेव्हा उगाच अभिमान वाटला.

मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन हे ४०० मीटर लांबीचे जहाज आडवे झाले. २३ ते २९ मार्च, म्हणजे ऐन द्राक्ष हंगामात. त्या जहाजावरचे २५ खलाशी भारतीय होते. आमच्या पॅकहाऊसमधल्या बायका मोबाईलवर तो फोटो बघून हसत होत्या. एवढे मोठे जहाज आणि शेजारी खेळण्यासारखा जेसीबी. हसू दोन दिवस टिकले. मग आमच्या मालाची जहाजे कुठवर पोचली, हे विचारणारे फोन सुरू झाले.

आता मूळ गोष्टीवर येतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी तांबड्या समुद्रात हुथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर हे जहाज ताब्यात घेतले. डिसेंबरमध्ये मोठ्या जहाज कंपन्यांनी ती वाट सोडली आणि आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जायला सुरुवात केली. न्हावाशेव्याहून युरोपला वीस-पंचवीस दिवसांत जाणारे द्राक्ष आता पस्तीस-चाळीस दिवस समुद्रावर राहणार होते.

द्राक्षाला एवढे दिवस काय होते, ते थोडे सांगतो. पहाटे घड काढतात. क्रेटमध्ये हलक्या हाताने ठेवतात, कारण मण्यावरची पांढरी लव पुसली गेली की गिऱ्हाईक नाक मुरडते. पॅकहाऊसमध्ये बायका कात्रीने खराब मणी काढतात, अर्धा-अर्धा किलोचे डबे भरतात, पेटीत गंधकाचा कागद ठेवतात. मग माल शून्य अंशाच्या आसपास थंड करायचा आणि त्याच थंडीत कंटेनरमध्ये भरायचा. एका कंटेनरमध्ये बारा-तेरा टन. ट्रेलरवर असताना त्याला जनरेटरची वीज, बंदरात प्लगची वीज, जहाजावर जहाजाची वीज. ही थंडी कुठेही तुटली की देठ तपकिरी पडतात, मणी गळतात. आणि समजा, बंदर बंद आहे म्हणून काढणी थांबवली. वेल थोडाच थांबतो? साखर वाढत जाते, मणी मऊ पडतो, एखादी अवकाळी सर आली की तडकतो. त्याच २०२३ च्या २६ नोव्हेंबरला नाशिक जिल्ह्यात पाऊस आणि गारपीट होऊन गेली होती. त्यातून वाचलेल्या बागांचा हा माल होता.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक नाना राहतात. तीन एकर बाग. माझ्या वडिलांचे आणि त्यांच्या वडिलांचे जाणे-येणे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नानांचा एक कंटेनर माल आमच्या पॅकहाऊसने घेतला. सौदा बागेतच, तोंडी. किलोला ७८ रुपये. माल गेला. पंधरा दिवसांनी मालकांनी मला सांगितले, “जहाज वळसा घेतंय, भाडं वाढलंय, माल कसा पोचेल भरवसा नाही. शेतकऱ्यांना किलोमागे ११ रुपये कमी लावा.” मी लावले. बारा टनांवर ११ रुपये म्हणजे १ लाख ३२ हजार. पुढच्या रकान्यात कारण लिहायचे असते. मी लिहिले, ‘समुद्रमार्ग अडचण’. अक्षर चांगले आहे माझे, लोक म्हणतात.

मालक दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. त्यांनाही भाडे वाढवून मागितले होते आणि ते त्यांनी भरले. जहाज कंपनी अमुक दिवशी पोचू अशी हमी सहसा देत नाही. विमा कंपनी बुडालेला माल भरून देते, पण विम्याच्या नेहमीच्या अटींत केवळ उशिराने झालेले नुकसान धरत नाहीत. मी ते कागद स्वतः फायलीत लावलेले आहेत. म्हणजे उशीर हा असा पाहुणा की ज्याला प्रत्येक जण पुढच्या दाराकडे बोट दाखवतो. जहाजवाला मालकाकडे, मालक नानांकडे. नानांच्या मागे दार नाही, तिथे वेल आहे.

मार्चच्या शेवटी तो कंटेनर रॉटरडॅमला पोचला. माल उतरल्यावर तपासणीचा अहवाल आला, तो माझ्याच टेबलावरून गेला. देठ हिरवे, मणी घट्ट, माल उत्तम. मी मालकांकडे पाहिले. ते म्हणाले, “बरं झालं.” एवढेच. कपातीचा रकाना तसाच राहिला आणि मीही काही बोललो नाही. रमजान चालू होता. रोजा सोडताना खजुराचा पहिला घास घेताना मला तो आकडा आठवायचा. कवी माणूस म्हणून मिरवायचे आणि चार शब्द बोलायच्या वेळी गप्प बसायचे!

११ एप्रिलला ईद होती. नाना दरवर्षीप्रमाणे आले, हातात बागेतल्या शेवटच्या घडांची पिशवी. शिरखुर्म्याची वाटी त्यांच्या हातात दिली आणि मी सगळे सांगून टाकले. आकडा, अहवाल, माझे गप्प बसणे. त्यांनी वाटी संपवली. मग म्हणाले, “भाई, ११ रुपये कोणी लिहिले ते मला तेव्हाच कळलं होतं. पावतीवर अक्षर तुमचं होतं.”

बराच वेळ आम्ही दोघे काही बोललो नाही. मग त्यांनीच विचारले, “पण मला एक सांगा, माल पोचल्याचं मला कोणी का सांगितलं नाही?”

या प्रश्नाने मला हिशेबातली खरी खोट दाखवली. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश जास्त आढळला, कंटेनर अडले, शेतकऱ्यांचे फार नुकसान झाले. त्यानंतर तपासण्या कडक झाल्या. आज युरोपला जाणाऱ्या पेटीवरच्या आकड्यांवरून ती कोणत्या बागेतून आली हे सापडते. चांगली व्यवस्था आहे, मी तिचे आकडे वर्षानुवर्षे भरले. परंतु हा रस्ता एकेरी आहे. पेटीवरून शेत सापडते, शेतावरून पेटी सापडत नाही. दोष असेल तर तो पंधरा दिवसांत बांधावर येतो. माल सुखरूप पोचला ही बातमी मात्र बांधापर्यंत येत नाही.

बंदरातला खोळंबा कसा हाताळावा यावर जाणकार पुष्कळ बोलतात. मोठी बंदरे हवीत, रस्ते हवेत. खरे आहे. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. कारखान्यातच सील करून कंटेनर थेट बंदरात नेण्याची सोय आली, त्यामुळे मधल्या गोदामातला मुक्काम वाचतो. या सगळ्याने रांग लहान होईल. पण २०१७ ची रांग संगणकाने लावली, २०२३ ची एका कागदाने आणि २०२४ ची हजारो मैलांवरच्या क्षेपणास्त्रांनी. रांग लागणारच. ती लागल्यावर थांबण्याचे भाडे कोणी भरायचे, हे रांग लागण्याआधी ठरवायला हवे. आमच्याकडे ते नंतर ठरते आणि ठरवणाऱ्याच्या हातात पेन असते.

काही गोष्टी आमच्या लोकांनी स्वतः शोधल्या, त्याही सांगितल्या पाहिजेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा पुष्कळ बागा अजून वेलीवर होत्या. ज्यांना जमले त्यांनी द्राक्षांचे बेदाणे केले. भाव कमी मिळाला, पण बेदाणा थांबू शकतो. शहरातल्या सोसायट्यांपर्यंत पेट्या घेऊन गेलेली पोरे मी पाहिली आहेत. तेव्हापासून नाना बागेचा एक तुकडा असा ठेवतात की वेळ आली तर त्याचा बेदाणा होईल. छाटणीही एकाच आठवड्यात उरकत नाहीत, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने करतात, म्हणजे सगळा माल एकाच जहाजाच्या भरवशावर राहत नाही. त्याने औषधांच्या फवारण्या वाढतात, मजूर दोनदा गोळा करावे लागतात. फुकट काही नाही.

वणीला बंदराची वाट काही नवी नाही. पूर्वी आमचे बंदर सुरत होते. सापुताऱ्याकडून जाणारा सुरतेचा रस्ता आजही गावातून निघतो. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराज सुरतेहून परतत असताना दाऊदखान कुरेशीच्या फौजेशी लढाई झाली ती इथेच, वणी-दिंडोरीच्या माळावर. सुरतेची दौलत अडवायला मोगल फौज आली आणि महाराजांनी वाट काढली. मी शाळेच्या मुलांना गमतीने सांगतो, मालवाहतुकीत खोळंबा आल्यावर काय करायचे याचा पहिला धडा आपल्या गावात झाला. मुले हसतात, मास्तर कपाळाला आठ्या घालतात.

तर त्या ईदनंतर मी एक काम केले. पॅकहाऊसची नोकरी सोडली. त्यात शौर्य काही नव्हते, डोळेही आता दमले आहेत. आणि अर्ध्या पानाचा एक करार साध्या मराठीत लिहिला. त्यात चारच गोष्टी. ठरलेला भाव आकड्यात आणि अक्षरात. जहाजाला उशीर झाला म्हणून जास्तीत जास्त किती कपात करायची, ते आधीच लिहायचे. माल चांगला पोचला तर ती कपात किती दिवसांत परत द्यायची. आणि कंटेनरचा क्रमांक शेतकऱ्याला सांगायचा. चार इंग्रजी अक्षरे आणि सात आकडे असा तो क्रमांक असतो. तो टाकला की जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर डबा कुठवर गेला ते कोणालाही पाहता येते. माझ्या सगळ्या कवितांपेक्षा या अर्ध्या पानाच्या झेरॉक्स जास्त निघाल्या.

२०२५ च्या हंगामात जहाजे अजून आफ्रिकेला वळसा घालूनच जात होती. पण आता ती अचानक आलेली अडचण नव्हती. पस्तीस-चाळीस दिवस लागणार हे जानेवारीतच माहीत होते. म्हणून कपातीचे बोलणेही आधीच करता येत होते. करार घेऊन आम्ही पाच व्यापाऱ्यांकडे गेलो. एकाने चहा पाजला आणि कागद परत दिला. दोघे म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. एकजण म्हणाला, “भाई, तुम्ही आमचं मीठ खाल्लंय.” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ते खरेच होते. पाचव्याने, एका तरुण मुलाने, दोनदा वाचला, कपातीची मर्यादा किलोमागे पाचवर नेण्यासाठी बराच घोळ घातला, शेवटी चारवर सही केली. नानांनी त्याला माल दिला. भाव किलोला तीन रुपये कमीच धरला होता. मी म्हटले, नाना, इतर ठिकाणी जास्त मिळेल. ते म्हणाले, “मिळेल. पण झोप येणार नाही.”

मार्चमध्ये एका संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. भाऊही होता, नुकताच फेरी करून आलेला. नानांचा मुलगा मोबाईल घेऊन आला. कंटेनर ज्या जहाजावर चढवला त्याचे नाव त्याने शोधून काढले होते आणि नकाशावर तो ठिपका दाखवत होता. आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडून ठिपका वर सरकू लागला होता. नानांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि मोबाईल हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. मग पोराला म्हणाले, “तिथं ऊन आहे का रे आता?”

पोराने हवामान बघायला दुसरे पान उघडले. भाऊ म्हणाला, “नाना, डब्यात थंडच असतं सगळं.”

“ते मला माहीत आहे,” नाना म्हणाले. “तरी बघ.”